संत ऑगस्टीन: अनीतीची ओळख आणि तारणाचा शोध

ज्युबिली हा शब्द आपणांस पवित्र शास्त्रांतून मिळाला आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा केली आहे कीं, दर पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें, दास झालेल्यांस मोकळें करावें व ज्याचें वतन गेलें असेल त्याला तें परत मिळावें. अर्थात् ज्युबिली हा मूळचा मुक्ततेचा उत्सव होय. ह्या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांचें, त्यांच्या श्रमांचें व श्रद्धेचें स्मरण होणें योग्यच आहे. परंतु मनुष्य कोणत्या दास्यांत अडकलेला आहे आणि त्याची बेडी कोण तोडतो, हा ज्युबिलीचा मूळ प्रश्नही आपण ह्या प्रसंगीं मनाशीं विचारला पाहिजे. ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं केवळ ग्रंथांतून नव्हे, तर आपल्या सबंध आयुष्यानें दिलें, त्या संत ऑगस्टीन यांचें चरित्र प्रिय वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४ सालीं, नोव्हेंबर महिन्याच्या १३ व्या तारखेस, उत्तर आफ्रिकेंतील थगास्ते नांवाच्या लहानशा नगरांत झाला. तो प्रदेश त्या काळीं रोमन साम्राज्यांत मोडत असे. आज तें नगर अल्जीरिया देशांत असून सूक अहरास ह्या नांवानें ओळखलें जातें. पिता पात्रिसियुस हा बेताच्या मिळकतीचा, तापट स्वभावाचा गृहस्थ होता व रोमन देवदेवतांना मानीत असे. मरणापूर्वीं थोडे दिवस त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. माता मोनिका ही ख्रिस्ती घराण्यांतील साध्वी स्त्री. तिनें बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करवून व जिभेवर मीठ ठेववून त्याला धर्मोपदेशार्थ्यांत दाखल केलें. मात्र स्नानसंस्कार लांबणीवर पडला. तारुण्यांतील पापें होऊन जाऊं द्यावीं आणि मग स्नानसंस्कार घ्यावा, अशी त्या काळीं पुष्कळांची रीत होती. लहानपणीं तो एकदां पोटाच्या दुखण्यानें अत्यवस्थ झाला तेव्हां त्यानें स्वतःच ह्या संस्काराची याचना केली. परंतु दुखणें हटतांच तयारीही थांबली. जें औषध हाताशीं होतें तें घेण्यास त्याला पुढें कितीतरी वर्षें लागलीं.

मुलगा तीव्र बुद्धीचा होता. जवळच्या मदौरा नगरांत त्याचें शिक्षण चाललें होतें. पण सोळाव्या वर्षीं पैशाच्या अडचणीमुळें त्याला घरीं परतावें लागलें. ह्या रिकाम्या वर्षांत एक प्रसंग घडला. घरच्या द्राक्षमळ्याजवळ कोणाचें तरी नासपतीचें झाड होतें. फळें दिसावयास देखणीं नव्हतीं आणि चवीलाही बेताचींच होतीं. एका रात्रीं ऑगस्टीन व त्याचे सोबती यांनीं तें झाड झोडपलें, ओझींच्या ओझीं फळें पळविलीं, एखाददुसरें चाखलें आणि बाकीचीं डुकरांपुढें फेंकून दिलीं. घरीं त्याहून चांगलीं फळें होतीं. भूक तर नव्हतीच.

पोरांच्या असल्या खोड्या कोणत्या गांवांत होत नाहींत? परंतु पुढें बिशप झाल्यावर त्यांनीं ह्या चोरीचा विचार करण्यांत आपल्या आत्मचरित्राचीं कित्येक पानें खर्चिलीं. आपण हें कां केलें, असा त्यांचा प्रश्न होता. फळासाठीं नव्हे, गरजेसाठीं नव्हे, सुडासाठींही नव्हे. तें करावयाचें नव्हतें म्हणूनच करण्यांत मौज वाटली, असें त्यांच्या ध्यानांत आलें. एकटा असतों तर हें केलें नसतें, सोबत्यांच्या हंशामुळें हात उचलला, हेंही त्यांनीं लिहून ठेविलें. एदेन बागेंतील पहिली अवज्ञा हीसुद्धां भुकेल्या मनुष्याची नव्हती, हें वाचकांस ठाऊक आहे.

गांवांतील रोमानियानुस नांवाच्या धनिकानें मदत केल्यामुळें ऑगस्टीन उच्च शिक्षणासाठीं कार्थेज नगरास गेला. तेथें वक्तृत्वशास्त्रांत त्यानें पहिला क्रमांक मिळविला. ह्याच नगरांत एका तरुणीशीं त्याचा संबंध जडला. विधिपूर्वक विवाह झाला नाहीं. तरी सुमारें चौदापंधरा वर्षें तीं दोघें एकत्र राहिलीं. त्यांना एक पुत्र झाला. त्याचें नांव आदेओदातुस, म्हणजे देवानें दिलेला. त्या स्त्रीचें नांव मात्र ऑगस्टीननें कोठेंच लिहिलेलें नाहीं.

एकोणिसाव्या वर्षीं रोमन पंडित किकेरो याचा एक ग्रंथ त्याच्या वाचनांत आला. तो ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. परंतु त्यानें ह्या तरुणाच्या मनांत ज्ञानाची तळमळ पेटविली. तेव्हां आईच्या धर्माचें पुस्तक उघडून पाहावें असें त्याला वाटलें. त्यानें पवित्र शास्त्र हातीं घेतलें आणि थोड्याच दिवसांत बाजूला ठेविलें. त्या वेळचीं लॅटिन भाषांतरें ओबडधोबड होतीं. किकेरोच्या डौलदार वाक्यांपुढें तीं त्याला गांवढळ वाटलीं. कुलपतींच्या जुन्या कथा तर त्याला हास्यास्पद भासल्या. त्या घराचें दार ठेंगणें होतें आणि ऑगस्टीनला वांकावयाचें नव्हतें.

ह्या मनःस्थितींत तो मानी नांवाच्या इराणी पुरुषानें तिसऱ्या शतकांत काढलेल्या पंथाकडे वळला. प्रकाश आणि अंधार ह्या दोन अनादि शक्ती आहेत, त्यांची झुंज मनुष्याच्या देहांत चालू आहे, आणि मनुष्याच्या हातून घडणारें पाप त्या अंधाराचें काम आहे, अशी ह्या पंथाची शिकवण. ही शिकवण तरुणाला सोयीची होती. पाप घडलें तरी मूळ जीव निर्मळच राहिला, दोष कोणा दुसऱ्याचा! ऑगस्टीन ह्या पंथांत सुमारें नऊ वर्षें राहिला. त्याच काळांत त्याला फलज्योतिषाचाही नाद लागला. पंथानें दोष अंधारावर टाकला होता, ज्योतिषानें तो ग्रहताऱ्यांवर टाकला. पुढें एका मित्रानें त्याला आपल्या घरची हकीकत सांगितली. तो मित्र आणि त्याच्या वडिलांच्या एका स्नेह्याच्या दासीचा मुलगा एकाच क्षणीं जन्मास आले होते. दोघांचे ग्रह एकच. तरी एक मानमरातबांत वाढला व दुसरा दासच राहिला. तेव्हांपासून पत्रिकांवरचा त्याचा विश्वास पार उडाला.

इकडे मोनिकेच्या डोळ्यांचें पाणी खळत नव्हतें. मुलगा पाखंडांत गेला म्हणून तिनें प्रथम त्याला आपल्या पंक्तीसही घेतलें नाहीं. पण एका स्वप्नानें तिला धीर दिला व तिनें त्याला पुनः घरांत घेतलें. एका बिशपांकडे जाऊन, माझ्या मुलाची समजूत घाला, असा तिनें आग्रह धरला. मुलगा सध्यां ऐकण्याच्या मनःस्थितींत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. ज्या मुलासाठीं इतके अश्रू वाहतात तो वाया जाणार नाहीं, अशा आशयाचें बोलून त्यांनीं तिला परत पाठविलें.

३८३ सालीं ऑगस्टीननें रोमला जाण्याचें ठरविलें. आई बंदरापर्यंत मागोमाग आली. एका मित्राला निरोप द्यावयाचा आहे असें खोटेंच सांगून त्यानें तिला संत सिप्रियन यांच्या स्मारकमंदिरांत रात्र काढावयास लाविलें. ती रात्रभर प्रार्थना करीत बसली. सकाळीं पाहते तों जहाज निघून गेलेलें. मुलगा जाऊं नये म्हणून ती देवाची विनवणी करीत होती. आणि तोच प्रवास पुढें त्याच्या तारणास कारण झाला.

रोमहून तो ३८४ सालीं मिलान येथें वक्तृत्वशास्त्राचा सरकारी अध्यापक होऊन गेला. तेथील बिशप संत अँब्रोज हे विख्यात वक्ते होते. ऑगस्टीन त्यांचें प्रवचन ऐकूं लागला तो केवळ भाषाशैली पारखण्यासाठीं. पण शब्दांबरोबर अर्थही नकळत आंत शिरूं लागला. जुन्या करारांतील ज्या कथांना तो हंसला होता त्यांचा आध्यात्मिक अर्थ अँब्रोज उलगडून दाखवीत, तेव्हां आपण न समजतांच निंदा करीत होतों, हें त्याला कळून आलें. नव्यानें वाचलेल्या प्लेटोपंथी ग्रंथांनीं त्याची आणखी एक गांठ सोडविली. पाप हा कोणी स्वतंत्र पदार्थ नाहीं; देवानें निर्मिलेल्या चांगल्या इच्छेनें देवाकडे पाठ फिरविली कीं तेंच पाप, असें त्याच्या मनानें घेतलें. अंधार, ग्रह, देह ह्यांपैकीं कोणावरही आतां दोष टाकतां येईना.

परंतु जाणणें निराळें आणि सुटणें निराळें. ह्याच सुमारास त्याच्या हातून असें एक कृत्य घडलें कीं, त्यापुढें नासपतीची चोरी कांहींच नव्हे. आई मिलानला येऊन पोंचली होती. मुलाचें विधिपूर्वक लग्न व्हावें म्हणून तिनें एक मुलगी पाहिली; ती लग्नाच्या वयाला दोन वर्षांनीं कमी होती. ह्या सोयरिकीसाठीं आदेओदातुसच्या मातेला दूर करण्यांत आलें. आपण दुसऱ्या पुरुषाचें मुख पाहणार नाहीं असें व्रत घेऊन ती आफ्रिकेस परतली. मुलगा बापाजवळ राहिला. ऑगस्टीनचें काळीज फाटलें, असें तो स्वतः लिहितो. तरी ती दोन वर्षें काढणेंही त्याला साधलें नाहीं आणि त्यानें दुसरी स्त्री ठेविली. जिनें दिलेला शब्द पाळला तिला कोणी विचारलें नाहीं. जो विद्वान होता त्याला आपलें मनही आवरलें नाहीं. हें कोणी वैऱ्यानें रचलेलें नाहीं. त्यानें स्वतःच जगापुढें मांडलें आहे.

ह्या अवस्थेंत त्यानें प्रेषित पौलाचीं पत्रें हातीं घेतलीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल प्रथम मनुष्यजातीच्या अनीतीचा झाडा घेतो. नियमशास्त्र लाभलेला यहुदी आणि न लाभलेला हेल्लेणी, दोघेही पापाच्या सत्तेखालीं आहेत, नीतिमान असा एकही नाहीं, हें तो दाखवितो. सातव्या अध्यायांत तो त्याहून खोल जातो. जें बरें तें करण्याची इच्छा असूनही हातून वाईटच घडतें, अशी तेथें मनुष्याची दशा वर्णिली आहे. ऑगस्टीनला आपलेंच चित्र तेथें दिसलें. प्लेटोपंथी ग्रंथांत त्याला दुरून गांव दिसला होता. तेथवर नेणारी वाट मात्र त्यांत नव्हती. देवाचा पुत्र नम्र होऊन मनुष्य झाला व पाप्यांसाठीं मरण पावला, ही वाट त्याला पौलापाशीं सांपडली.

३८६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पोंतिसियानुस नांवाचा आफ्रिकेचा एक गृहस्थ त्याच्या घरीं आला. त्यानें मिसर देशांतील संत अंतोनी यांची व त्यांचें चरित्र वाचून तत्काळ नोकरी सोडणाऱ्या दोन अंमलदारांची हकीकत सांगितली. अल्पशिक्षित माणसें स्वर्ग जिंकीत आहेत आणि आपण विद्येच्या भाराखालीं चिखलांत रुतलों आहोंत, ह्या विचारानें ऑगस्टीन बेचैन झाला. मित्र आलिपियुस याच्यासह तो घरामागील बागेंत गेला. जुन्या संवयी एका बाजूला ओढीत होत्या. सुटावें असें वाटे. पण आजच नको, असेंही वाटे. शेवटीं तो एका अंजिराच्या झाडाखालीं पडून रडूं लागला. तोंच शेजारच्या घरांतून एका बालकाचा गाण्यासारखा सूर वारंवार ऐकूं आला. उचलून वाचावें, असा त्याचा अर्थ होता. मुलांच्या कोणत्याही खेळांत असें गाणें त्याला आठवेना. तो उठला, पौलाचें पुस्तक घेतलें व जें पान उघडलें तें वाचलें. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या अखेरच्या ओळी होत्या. रंगेलपणा, विषयभोग, कलह व मत्सर टाकून प्रभु येशू ख्रिस्ताला धारण करावें, असा त्यांचा उपदेश आहे. त्यापुढें वाचण्याची गरज राहिली नाहीं. आलिपियुसनें मात्र पुढची ओळ पाहिली. विश्वासांत दुबळा असेल त्याला जवळ करावें, असें तींत होतें. ती त्यानें स्वतःस लावून घेतली. मग दोघांनीं आंत जाऊन मोनिकेस ही वार्ता सांगितली.

हा उपदेश ऑगस्टीनला नवा होता काय? मुळींच नाहीं. आईच्या तोंडून तो लहानपणापासून हेंच ऐकत आला होता. त्या दुपारीं माहितींत भर पडली नाहीं. जें आपल्या बळानें होत नव्हतें तें देवाच्या कृपेनें झालें. हा अनुभवच पुढें त्यांच्या सर्व शिकवणीचा पाया ठरला.

३८७ सालीं ईस्टरच्या जागरणाच्या रात्रीं, २४ व २५ एप्रिलच्या दरम्यान, संत अँब्रोज यांच्या हस्तें ऑगस्टीन, आलिपियुस व पंधरा वर्षांचा आदेओदातुस यांना स्नानसंस्कार मिळाला. त्याच वर्षीं आफ्रिकेस परततांना ओस्तिया बंदरीं मोनिका मरण पावली. तिचें वय ५६ वर्षांचें होतें. देह कोठेंही पुरा, पण प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा, एवढेंच तिनें मागितलें. मृतांसाठीं मिस्सा अर्पण करितांना ही मागणी आपण आजही पाळीत असतों. गुणी आदेओदातुसही पुढें थोड्याच वर्षांत वारला.

३९१ सालीं ऑगस्टीन कांहीं कामानिमित्त हिप्पो नगरास गेले असतां तेथील लोकांनीं त्यांना देवळांतच धरलें व बिशप वालेरियुस यांजकडून धर्मगुरूची दीक्षा देवविली. त्या वेळीं त्यांनीं आपल्या बिशपांकडे एकच सवलत मागितली. ती म्हणजे ईस्टरपर्यंत पवित्र शास्त्राचा अभ्यास करण्यास अवधि. एकोणिसाव्या वर्षीं जो ग्रंथ त्यांनीं हिणविला होता, त्याच्यापुढें छत्तिसाव्या वर्षीं ते विद्यार्थी होऊन बसले.

सुमारें ३९५ सालीं ते बिशप झाले आणि पस्तीस वर्षें त्यांनीं तो भार वाहिला. त्यांचें राहणें साधें होतें. सर्व धर्मगुरु त्यांच्या घरीं एकत्र राहत व कोणाचीही खाजगी मालमत्ता नसे. परनिंदा करणाऱ्यानें ह्या पंक्तीस बसूं नये, अशा अर्थाच्या ओळी त्यांनीं जेवणाच्या मेजावर लिहवून ठेविल्या होत्या. बंदिवानांना सोडविण्यास पैसे नसत तेव्हां त्यांनीं देवळांतील मौल्यवान् पात्रेंही वितळविलीं. चौथ्या शतकाच्या शेवटीं त्यांनीं आपलें आत्मचरित्र लिहिलें. ह्या तेरा भागांच्या ग्रंथांत लोक ज्यांना संत मानूं लागले होते त्या बिशपांनीं आपलीं पापें देवाला उद्देशून उघड सांगितलीं.

उतारवयांत त्यांना पेलागियुसच्या मताशीं सामना द्यावा लागला. हा ब्रिटन देशचा तपस्वी आचरणानें कडक होता. रोममधील ख्रिस्ती लोकांची शिथिलता पाहून तो शिकवूं लागला कीं, मनुष्यानें मनांत आणलें तर तो स्वतःच्या बळावर निष्पाप राहूं शकतो, आणि आदामाच्या पापानें आदामाचेंच नुकसान झालें. हें ऐकावयास मोठें उत्साहजनक वाटतें. पण मनुष्य स्वतःच नीतिमान होऊं शकत असेल, तर क्रुसावरील मरण कशासाठीं? ऑगस्टीनचा प्रश्न हा होता, आणि त्यामागें मिलानच्या बागेंतील ती दुपार होती. ४१८ सालीं कार्थेजच्या सभेनें पेलागियुसचें मत नाकारलें. ५२९ सालीं ओरांज येथील सभेनें कृपेच्या शिकवणीस दुजोरा दिला. कृपेचा आचार्य हें बिरुद ऑगस्टीन यांना ह्यामुळेंच लाभलें.

तरी त्यांचें प्रत्येक मत ख्रिस्तसभेनें उचलून धरलें असें नाहीं. दोनातुसच्या फुटीर पंथाशीं प्रथम ते केवळ वादविवादानें वागूं इच्छीत होते. पुढें मात्र बादशहाच्या कायद्यांचा धाक वापरण्यास त्यांनीं संमति दिली. नंतरच्या शतकांत ह्या संमतीचा आधार घेऊन पुष्कळ जबरदस्ती झाली. धर्माच्या बाबतींत कोणावर सक्ति करूं नये, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें. संतांच्या हातूनही चुकतें, आणि तारण त्यांनाही दानच म्हणून मिळतें, हें त्यांच्याच शिकवणीचें सार नव्हे काय?

४१० सालीं गॉथ लोकांनीं रोम लुटलें, तेव्हां हा अनर्थ ख्रिस्ती धर्मामुळें झाला असा बोभाटा झाला. त्यास उत्तर म्हणून त्यांनीं ४१३ पासून ४२६ पर्यंत देवनगरीविषयीं बावीस भागांचा ग्रंथ रचला. राज्यें, विजय व वैभव ह्यांच्या मुळाशीं स्वार्थ असला तर तीं टिकत नाहींत, असें त्यांनीं त्यांत दाखविलें. जी अनीति त्यांनीं एका झाडाखालीं ओळखली होती तीच त्यांना साम्राज्याच्या इतिहासांत दिसली.

४३० सालीं वांडाल लोकांनीं हिप्पोला वेढा घातला. नगर पळून आलेल्या लोकांनीं भरलें होतें. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत ऑगस्टीन तापानें अंथरुणास खिळले. दाविदाचीं पश्चात्तापाचीं स्तोत्रें मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनीं समोरच्या भिंतीवर लावविलीं. पडल्यापडल्या तीं वाचीत व रडत. वैद्य येण्याची व अन्न आणण्याची वेळ सोडून कोणी आंत येऊं नये, अशी त्यांची विनंती होती. सुमारें दहा दिवस ते असे एकांतांत होते. २८ ऑगस्ट रोजीं, वयाच्या ७५ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. मृत्युपत्र त्यांनीं केलें नाहीं, कारण ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. ग्रंथ मात्र जपावे, एवढें त्यांनीं सांगितलें होतें. त्यांचे शिष्य बिशप पोसिदियुस यांनीं ही सर्व हकीकत लिहून ठेविली आहे.

त्यांचें शव प्रथम सार्डिनिया बेटांत व तेथून आठव्या शतकांत इटलींतील पाविया नगरीं नेण्यांत आलें. त्यांच्या नियमावलीवर तेराव्या शतकांत जो संन्याशांचा संघ उभा राहिला, त्याचे धर्मगुरु १५७२ सालीं गोव्यास पोंचले आणि जुन्या गोव्याच्या टेकडीवर त्यांनीं कृपामातेचें भव्य देऊळ बांधलें. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें संन्यासी संघ काढून टाकल्यावर तें ओस पडलें. १८४२ सालीं त्याचें छत ढांसळलें व १९३१ सालीं मनोऱ्याचाही मोठा भाग कोसळला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंना जांभ्या दगडाचा तो उरलेला मनोरा दिसतो. ८ मे २०२५ रोजीं निवडून आलेले पोप लिओ चौदावे हेही ह्याच संघाचे सदस्य आहेत.

वाचकहो, कुमसारास जातांना आपणांपैकीं कितीजण शेजाऱ्याचीं, घरच्या माणसांचीं किंवा परिस्थितीचीं पापें सांगून येतात! ऑगस्टीन यांनींही अर्धें तारुण्य ह्याच रीतीनें घालविलें. दोष माझा आहे, हें ज्या दिवशीं त्यांनीं कबूल केलें, त्या दिवसापासून शास्त्रांतील तारणाचा शब्द त्यांना उद्देशून बोलूं लागला. जो आजारीच नाहीं असें म्हणतो त्याच्या दारीं वैद्य येऊन काय करील? ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येकानें पवित्र शास्त्र उघडून त्यांत प्रथम आपलें चित्र व मग आपल्या तारणाऱ्याचें मुख पाहावें, आणि संत मोनिकेप्रमाणें आपल्या घरच्या दूर गेलेल्या मुलांसाठीं प्रार्थना सोडूं नये, अशी संत ऑगस्टीन यांच्या मध्यस्थीनें परमेश्वराजवळ आमची विनवणी आहे.